जुनी थ्री-नॉट-थ्री घेताना ठसे कसे वाचायचे आणि नंबर खरंच जुळतात का ते कसं ओळखायचं

गन शोमध्ये, म्हणजे बंदुकींच्या बाजारात, टेबलावर एसएमएलई, म्हणजे थ्री-नॉट-थ्री रायफल, ठेवलेली असते, चापाच्या कडीला चिठ्ठी बांधलेली, चिठ्ठीवर 'ऑल मॅचिंग', म्हणजे सगळ्या भागांवर एकच नंबर, आणि किंमत शेजारच्या तशाच रायफलीच्या दीडपट. नवीन माणूस बोल्टवरचा, म्हणजे काडतूस आत ढकलणाऱ्या सरकत्या दांड्यावरचा नंबर बघतो, रिसीव्हरवरचा, म्हणजे तो दांडा ज्यात सरकतो त्या मधल्या लोखंडी घरावरचा बघतो, दोन्ही सेम, लगेच पैसे काढतो. मीही पहिल्यांदा अगदी हेच केलं. घरी आणून दिव्याखाली भिंग लावलं तेव्हा दिसलं की बोल्टवरच्या आकड्यांच्या कडा वर आल्यात, बोटाला लागतायत, आणि आकड्यांच्या तळाशी धातू चकचकीत आहे. रायफल शंभर वर्षांची आणि नंबर अगदी अलीकडे कोणीतरी घरी ठोकलेला. तेव्हापासून माझं एकच म्हणणं आहे, नंबर जुळतो का हे नंतर बघा, आधी नंबर कधी आणि कोणी ठोकलाय ते बघा. खोटं जुळवलेल्या रायफलीपेक्षा प्रामाणिकपणे न जुळणारी रायफल कधीही चांगली.

मी लिहितोय ते ली-एनफिल्डबद्दल, त्यातही शॉर्ट मॅगझिन ली-एनफिल्ड (एसएमएलई), जी आपल्याकडे सगळे थ्री-नॉट-थ्री म्हणून ओळखतात, पोलिसांच्या खांद्यावर आपण लहानपणापासून बघितलेली तीच. जर्मन माउझर किंवा स्विस रायफलींचे ठसे वेगळे, पण बघायची पद्धत तीच.

आधी कायद्याचं, थोडक्यात. भारतात .३०३ प्रोहिबिटेड बोअर आहे, म्हणजे साध्या लायसन्सवर मिळत नाही, त्यामुळे हा छंद मराठी माणसाला बहुतेक करून परदेशातच करता येतो. गावाकडच्या वाड्यात माळ्यावर ठासणीची बंदूक वगैरे सापडली तर आधी रीतसर पोलिसांकडे आणि कलेक्टर ऑफिसला विचारा, आणि शंभर वर्षांवरची वस्तू बॅगेत घालून बाहेर न्यायचा विचार तर करूच नका, १९७२ च्या पुरावस्तू कायद्याने तो गुन्हा आहे. मी अमेरिकेत राहतो, इथे फेडरल कायद्यात १८९८ पर्यंत बनलेली रायफल अँटिक धरतात, आणि ५० वर्षांवरच्या बंदुकींसाठी संग्राहकाचं वेगळं लायसन्स असतं, तीन वर्षांचे ३० डॉलर. पण राज्याराज्याचे नियम वेगळे आहेत, ते स्वतः वाचून घ्या.

आता हातात घेतल्यावर. विकणाऱ्याला विचारा, 'बोल्ट काढून बघू का', आणि तो हो म्हणाला की पहिल्यांदा मॅगझिन काढा, चापाच्या कडीच्या आत पुढच्या बाजूला छोटा खटका आहे तो दाबला की मॅगझिन खाली येतं. बोल्ट मागे ओढा, चेंबरमध्ये, म्हणजे काडतूस बसतं त्या जागेत, डोळ्याने बघा, करंगळी घालून बघा. मग बोल्ट पूर्ण मागे घेऊन बोल्टहेड, म्हणजे बोल्टचं पुढचं टोक, अंगठ्याने वर उचला, ते रुळातून टक् करून सुटतं आणि बोल्ट मागून बाहेर येतो. जोर लावावा लागत असेल तर थांबा, काहीतरी चुकतंय.

बोल्ट हातात असतानाच हँडलच्या मुळाशी, मागच्या अंगाला नंबर बघा. दुसरा नंबर रिसीव्हरच्या पुढच्या कड्यावर उजवीकडे, त्याच्या शेजारी बॅरलच्या मागच्या जाड भागावर तिसरा. मग नोजकॅप, म्हणजे पुढचं लोखंडी टोक जिथे संगीन बसते. मग मागच्या साइटची, म्हणजे नेम धरायच्या खुणेची, पट्टी उलटी करून तिच्या पोटावर. मग पुढच्या लाकडाच्या टोकाला खालच्या अंगाला, लाकडात दाबलेला. मॅगझिनवर नंबर नसेल तर घाबरू नका, इंग्लंडच्या एसएमएलईच्या मॅगझिनवर सहसा नंबर नसतोच, भारतात सेवा केलेल्या रायफलींवर मात्र बऱ्याचदा असतो. आणि बट सॉकेटवर, म्हणजे दस्ता जिथे खोबणीत बसतो त्या लोखंडावर, जी माहिती असते ती नंबरापेक्षा महत्त्वाची, तिच्याकडे येतोच.

अक्षर विसरू नका. इंग्लंडमधला एकेक कारखाना ९९९९ पर्यंत नंबर मारायचा आणि मग पुढे ए लावून पुन्हा एकपासून, मग बी, असं. म्हणजे बोल्टवर नुसतं ४३१७ आणि रिसीव्हरवर के ४३१७ असेल तर ते मॅचिंग नाही, त्या दोन वेगळ्या रायफली आहेत. मी असे सौदे होताना बघितलेत, दोघेही आनंदात हात मिळवतात आणि अक्षराकडे कोणाचं लक्षच नसतं.

बट सॉकेटच्या उजव्या बाजूला वरून खाली वाचत जा. वर मुकुट, त्याखाली राजाची अक्षरं, मग कारखाना, साल, आणि मॉडेल. व्ही.आर. म्हणजे व्हिक्टोरिया, ती १९०१ मध्ये गेली. ई.आर. म्हणजे एडवर्ड सातवा, १९१० पर्यंत. त्यानंतर जी.आर., जॉर्ज. कारखाना म्हणजे एनफिल्ड, किंवा बी.एस.ए. (बर्मिंगहॅम), किंवा एल.एस.ए. (लंडन), किंवा ऑस्ट्रेलियाचं लिथगो, किंवा आपलं ईशापूर. मॉडेलच्या जागी Sht.L.E. ची इंग्रजी अक्षरं म्हणजे शॉर्ट ली-एनफिल्ड, आणि त्याखाली रोमन आकड्यात तीन. मार्क थ्री मंजूर झाली २६ जानेवारी १९०७ ला. रोमन तीनच्या बाजूला चांदणी असेल तर थ्री स्टार, १९१६ ची, युद्धात उत्पादन वाढवायला सोपी केलेली. मॅगझिन कटऑफ, म्हणजे मॅगझिनमधली काडतुसं अडवणारी पट्टी, काढला, डाव्या बाजूच्या व्हॉली साइट, म्हणजे फार लांबच्या नेमासाठीच्या साइट, काढल्या, मागच्या साइटची आडवी हालचाल काढली. बिनचांदणीची, व्हॉली साइट शाबूत असलेली जास्त किमतीला जाते, म्हणून लोक थ्री स्टारवर नवीन बनवलेल्या व्हॉली साइट लावून विकतात. तिथे साइटची डायल नका बघू, तिच्याखालचं लाकूड बघा, खाच जुनी काळी पडलेली आहे की आतून पिवळट ताजी.

साल आणि राजा यांचा मेळ नाही बसला तर रायफल खाली ठेवा. खैबर खिंडीच्या बाजूला, दारा आदम खेलमध्ये पिढ्यानपिढ्या हाताने बंदुका बनवतात, आणि कानशीवर घडवलेल्या त्या नकलांवर ठसेही हातानेच कोरलेले असतात. व्ही.आर. आणि खाली १९०७ असं साल, हे तर ठरलेलंच. राणीला जाऊन सहा वर्षं झालेली. एन उलटा, एनफिल्डचं स्पेलिंग चुकलेलं, मुकुट वाकडा. अफगाणिस्तानातून अमेरिकन सैनिक असल्या बऱ्याच घेऊन आले. कारागिरी म्हणून बघितलं तर मला त्यांच्याबद्दल आदरच वाटतो, भिंतीवर लावा, अभिमानाने दाखवा, पण त्यातून गोळी कधीच झाडू नका, लोखंड कसलं आहे हे बाहेरून कळत नाही.

आता खोटा नंबर ओळखायचा कसा, मला यावरच जास्त लिहायचंय. जवळ दहापट भिंग आणि छोटी टॉर्च ठेवा. टॉर्च समोरून नाही, तिरकी धरा, धातूला जवळजवळ चिकटून, म्हणजे आकड्याच्या सावल्या पडतात. कारखान्यात बहुतेक ठसे ब्लूइंगच्या, म्हणजे गंजू नये म्हणून धातू काळसर करण्याच्या, आधी मारलेले असतात, म्हणजे आकड्याच्या तळापर्यंत तोच काळसर रंग, त्यात शंभर वर्षांचं तेल आणि धूळ बसून कडा मऊ झालेल्या. नवीन ठोकलेल्या आकड्याभोवती धातू वर उचलला जातो, बारीक ओठासारखा, आणि तो ओठ अजून झिजलेला नसतो, नखाने जाणवतो. काही हुशार लोक तो ओठ कानशीने घासतात आणि वर कोल्ड ब्लू, म्हणजे घरी लावायचं काळं करणारं रसायन, लावतात, तर मग भिंगात आकड्याभोवती बारीक समांतर ओरखडे दिसतात आणि रंग जरा निळसर-करडा, बाकीच्या धातूपासून तुटक. कोल्ड ब्लूला वासही येतो, नाक जवळ नेऊन बघा, लाजू नका.

मग आकड्याचा तोंडवळा बघा. रिसीव्हरवरचा ४ उघडा आहे की बंद, ७ ची मान सरळ की वाकडी, ३ ला वर सपाट पट्टी आहे की गोल. एकाच कारखान्यात एकाच वेळी मारलेल्या नंबरात हा चेहरा सहसा जुळतो. माझ्या त्या पहिल्या रायफलीत रिसीव्हरवरच्या ३ चं डोकं गोल होतं आणि बोल्टवरच्या ३ चं सपाट, आणि मी ते टेबलाशी उभा राहून दहा मिनिटं बघत होतो तरी मला दिसलं नव्हतं, कारण मी आकडा वाचत होतो, आकार बघत नव्हतो. आता मी मोबाइलवर दोन्हीचे तिरक्या उजेडात फोटो काढतो आणि शेजारी शेजारी ठेवून मोठे करून बघतो.

पण नंतर मारलेला प्रत्येक नंबर खोटा नसतो, हे इथेच सांगायला पाहिजे, नाहीतर तुम्ही चांगल्या रायफली सोडून द्याल. सैन्याच्या वर्कशॉपमध्ये बोल्ट बदलला की जुन्या नंबरावर आडवी रेघ मारून शेजारी नवीन मारायचे. अशी रेघ दिसली की मला उलट बरं वाटतं, कारण लपवाछपवी नाही, आणि तो बोल्ट सैन्याच्याच माणसाने बसवलाय म्हणजे हेडस्पेस, बंद बोल्टच्या तोंडाशी काडतुसाच्या बुडासाठी राहणारी जागा, तपासून बसवलेला असण्याची शक्यता जास्त. बॅरलवर दोन आकडी साल असतं, रिसीव्हर १९१६ चा आणि बॅरल ४१ चं असेल तर रायफल दोन्ही महायुद्धांत वापरली गेली आणि मध्ये नळी बदलली, यात काही वाईट नाही. एफ.टी.आर. अशी अक्षरं आणि साल असेल तर कारखान्यात पूर्ण उघडून दुरुस्ती झालेली. डी.पी. असेल तर ती ड्रिलसाठी काढून टाकलेली, ती गोळी झाडायला घेऊच नका. ई.वाय. म्हणजे ग्रेनेड फेकायला वेगळी ठेवलेली, बिचाऱ्या रायफलीने खूप सोसलेलं असतं. ईशापूरच्या काही रायफलींच्या पुढच्या भागावर तांब्याची तार घट्ट गुंडाळून झाळलेली दिसेल, तीही ग्रेनेडसाठीच, ती काढू नका, तोच तिचा इतिहास आहे.

बाणाचा ठसा सगळीकडे असतो, तो ब्रिटिश सरकारी मालकीचा. सी च्या आत बाण म्हणजे कॅनडा, दोन डी च्या मध्ये बाण म्हणजे ऑस्ट्रेलिया, यू मध्ये बाण दक्षिण आफ्रिका, आणि बाणासोबत आय म्हणजे भारत. दोन बाण टोकाला टोक लावून असतील तर सैन्याने रीतसर विकून टाकलेली. मग इंग्लंडमध्ये बाजारात जाताना पुन्हा प्रूफ व्हायची, म्हणजे जास्त दाबाची गोळी झाडून तपासली जायची, त्याचे ठसे वेगळे, बी.एन.पी., आणि .३०३, २.२२२ इंच, १८.५ टन असे आकडे. २.२२२ म्हणजे काडतुसाच्या केसची लांबी. मॉडेलचा नंबर समजून कोणी त्यावर भाव सांगत असेल तर हळूच पुढच्या टेबलाकडे जा.

ईशापूरबद्दल मला वेगळं लिहावंसं वाटतं, कारण इथले संग्राहक तिला जरा खालची समजतात आणि ते मला पटत नाही. कोलकात्याजवळ हुगळीच्या काठची ही रायफल फॅक्टरी, तिच्या ठशात जी.आर. च्या पुढे आय असतो, इम्परेटर, हिंदुस्थानचा सम्राट म्हणून. स्वातंत्र्यानंतर मुकुट जाऊन त्या जागी अशोकस्तंभाचे सिंह आले आणि त्याच साच्याच्या रायफली पुढे कितीतरी वर्षं बनत राहिल्या. पुढच्या लाकडात रिसीव्हरखाली एक आडवा स्क्रू आरपार गेलेला असेल तर ती भारतात मजबूत केलेली, लाकूड फाटू नये म्हणून. लोक त्याला नंतरचा जुगाड समजतात, तो जुगाड नाही. ६० च्या दशकात ईशापूरने ७.६२ मिलिमीटरची २ए आणि मग २ए१ काढली, ती वेगळ्या, जास्त मजबूत पोलादाची, मॅगझिन चौकोनी. एवढं लक्षात ठेवा की जुन्या .३०३ च्या रिसीव्हरवर कोणी ७.६२ ची नळी चढवून विकत असेल तर ती घ्यायची नाही. आणि ईशापूरची कापून आखूड केलेली, 'जंगल कार्बाइन' म्हणून विकतात, ती जंगल कार्बाइन नाही. खरी ती म्हणजे नंबर फाइव्ह, १९४४ ची, तिचा रिसीव्हरच वेगळा.

जुनी काडतुसं मिळाली तर त्यांच्या बुडावर के.एफ. बघा, ती आपल्या खडकीची. मी पहिल्यांदा पेनसिल्व्हेनियातल्या एका टेबलावर एका लाकडी खोक्यात के.एफ. वाचलं तेव्हा बराच वेळ ते काडतूस नुसतं हातात धरून उभा होतो. झाडायला नाही, ती जुनी काडतुसं झाडू नयेतच, पण ठेवायला एक घेतलं.

अजून एक गोष्ट जिथे मराठी वाचणाऱ्याला खरा फायदा आहे. २००३ साली काठमांडूच्या जुन्या शस्त्रागारातून हजारो बंदुका अमेरिकेत आल्या, त्यात मार्टिनी-हेन्री भरपूर, एसएमएलईच्या आधीच्या पिढीतली, एकावेळी एकच काडतूस घेणारी. त्यांच्यावर नेपाळी सैन्याने देवनागरीत आकडे आणि अक्षरं मारलेली आहेत. इथले लोक त्याला 'काहीतरी नेपाळी लिहिलंय' म्हणून सोडून देतात, आपण ते सरळ वाचू शकतो. फक्त ५, ८ आणि ९ ची वळणं आपल्यापेक्षा वेगळी असू शकतात, घाई करू नका, आणि साल असेल तर ते विक्रम संवत असणार, त्यातून साधारण ५७ वजा करा. दस्त्यावरचा आणि नळीवरचा देवनागरी नंबर एकच निघाला तर ती जोडी नेपाळमध्ये तरी एकत्रच होती असं म्हणता येतं.

दस्त्याच्या उजव्या बाजूला पितळी चकती असेल तर तिच्यावर पलटणीची अक्षरं आणि रॅक नंबर असतो. पहिल्या महायुद्धात ११७ वी, ११० वी, १०३ वी अशा मराठा पलटणी मेसोपोटेमियात कूतला होत्या, २९ एप्रिल १९१६ ला तिथला वेढा शरणागतीत संपला, त्यामुळे असली चकती आपल्याला मिळावी असं कोणाला नाही वाटणार? पण चकती एका स्क्रूवर बसते, दोन मिनिटांत बदलता येते, म्हणून चकतीसाठी जास्त पैसे देऊ नका. चकतीभोवतीच्या लाकडात तिचा जुना वर्तुळाकार डाग आहे का, स्क्रूची खाच ताजी ओरबाडलेली आहे का, एवढं बघून मगच मनातल्या मनात आनंद करा.

घरी आणल्यावर उघडायची असेल तर हे वाक्य दोनदा वाचा: पुढचं लाकूड काढल्याशिवाय दस्त्याचा बोल्ट कधीही फिरवायचा नाही. दस्त्याच्या आत एक लांब बोल्ट असतो, स्क्रूसारखा, काडतूस ढकलणारा तो नव्हे, त्याचं पुढचं टोक चौकोनी, ते पुढच्या लाकडात बसवलेल्या एका पत्रीत अडकलेलं असतं. तुम्ही मागून स्क्रू ड्रायव्हर घालून तो फिरवला की चौकोन पत्रीसकट लाकडाला पिळतो आणि लाकूड मागच्या टोकाला चिरतं. आवाज फार छोटा येतो, सुकी काडी मोडल्यासारखा. मी तो ऐकलाय, १९१८ च्या लाकडातून, आणि ते लाकूड मॅचिंग होतं. म्हणून क्रम असा, आधी नोजकॅपचे स्क्रू, मग पट्टे, मग चापाच्या कडीचे स्क्रू, मग पुढचं लाकूड दोन्ही हातांनी सरळ खाली, आणि दस्ता सगळ्यात शेवटी, तोही खरंच गरज असेल तरच. स्क्रू ड्रायव्हरचं पातं खाचेत घट्ट बसणारं पाहिजे, सैल पात्याने स्क्रूची डोकी खराब होतात आणि पुढचा घेणारा पहिल्यांदा तीच बघतो.

लाकडाला सँडपेपर लावू नका. लावलं की इन्स्पेक्टरचे बारीक ठसे, दस्त्यावरचं एस किंवा एल, म्हणजे अर्धा इंच आखूड किंवा लांब दस्ता, सगळं जातं आणि परत येत नाही. मळ जास्तच असेल तर कापडाने पुसा आणि कच्चं जवसाचं तेल हाताने चोळा, सैन्यातही तेच वापरायचे, दोन-तीन थेंब, रोज थोडं, आठवडाभर. ठशात रंग किंवा खडू भरू नका, फोटोसाठी तिरकी टॉर्च पुरते.

गोळी झाडायची असेल तर त्याआधी बंदूक दुरुस्त करणाऱ्या जाणकाराकडून हेडस्पेस गेजने तपासून घ्या, .३०३ ला .०६४ ते .०७४ इंच धरतात. बोल्ट दुसऱ्या रायफलीचा असेल तर हे टाळता येणारच नाही, बोल्टचा नंबर म्हणूनच सगळ्यात महत्त्वाचा, किमतीसाठी नाही, तोंडासमोर स्फोट होऊ नये म्हणून. जुन्या काडतुसांच्या टोपीतल्या, म्हणजे बुडाशी ठिणगी पाडणाऱ्या भागातल्या, मसाल्याचं मीठ नळीत राहायचं, त्याने नळ्या आतून खाल्ल्या जायच्या, सैनिक म्हणूनच नळीतून उकळतं पाणी ओतायचे. बोल्ट काढून नळीतून उजेडाकडे बघा, पाच खाचा डावीकडे वळत गेलेल्या, त्यांच्या कडा अजून दिसतायत का आणि चेंबरच्या पुढे काळे खड्डे आहेत का.

घेतलेल्या प्रत्येक रायफलीची मी एक वही ठेवतो. कुठल्या भागावर कुठला नंबर, अक्षरासकट, रेघ मारलेला जुना नंबर असेल तर तोही, कारखान्याचे बारीक ठसे, बॅरलचं साल, कोणाकडून किती तारखेला घेतली, आणि काय शंका आहे तेही. त्या पहिल्या रायफलीच्या पानावर बोल्टसमोर मी लिहिलंय, 'नंबर अलीकडे मारलेला, मूळ बोल्ट नाही.' उद्या मी ती विकली तर हे पान तिच्यासोबत जाईल.